कोस्टर ब्रेकचे गिअर हब : तीन, सात की आठ?

सायकलच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी असतो तो हब. इथे गिअरही त्याच्या पोटात आणि ब्रेकही. मागे डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, नाही. ब्रेकची केबल नाही. पॅडल उलटं दाबलं की चाक थांबतं, हाच कोस्टर ब्रेक. असा हब घेताना बहुतेक जण आधी गिअर मोजतात. आधी ब्रेक बघावा. तीनाचे आठ गिअर झाले म्हणून ब्रेक काही अडीचपट होत नाही.

तीन गिअरवाल्यांत शिमानोचा नेक्सस ३ (एसजी-३सी४१) आणि स्टर्मी-आर्चरचा एस-आरसी३ हे दोन मुख्य. नेक्ससची गुणोत्तरं (मागचं दातेरी चक्र एकदा फिरलं की चाक किती वेळा फिरतं) ०.७३३, १ आणि १.३६४, म्हणजे पल्ला, सर्वांत हलक्या गिअरच्या तुलनेत सर्वांत जड गिअर, १८६ टक्के. स्टर्मीची ०.७५, १ आणि १.३३, पल्ला १७७ टक्के. चालवताना हा फरक जेमतेम जाणवतो. खरा फरक केबलच्या टोकाशी आहे. स्टर्मीत अॅक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) पोकळीतून बारीक साखळी बाहेर येते आणि केबल तिला ओढते. नेक्ससमध्ये उजव्या टोकाला एक डबी बसते आणि तिच्यातला खटका अॅक्सलमधली बारीक दांडी आत ढकलतो. सायकल उजव्या अंगावर पडली की मार आधी त्या डबीला बसतो. दांडी जरा जरी वाकली तरी गिअर अडकतात, म्हणून डबीवरचा लोखंडी गार्ड शोभेचा समजून काढू नये.

नेक्सस ३ चं ॲडजस्टमेंट मात्र सोपं आहे. शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, २ वर ठेवा, डबीच्या खिडकीतली खूण दोन पिवळ्या रेघांच्या मधोमध येईपर्यंत केबलचा ॲडजस्टर फिरवा, लॉकनट आवळा. मग तिन्ही गिअर एकदा फिरवून पुन्हा २ वर या आणि खूण तपासा. नवी केबल पहिल्या काही दिवसांत हमखास ताणते. खूण सरकलेली असताना जोर लावला की आतले खटके अर्धवट पकडतात, पॅडल सटकतं आणि दात्यांच्या कडा झिजतात. ‘हब खराब झाला’ म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी एवढ्यातच मिटतात.

नेक्सस ७ चा पल्ला २४४ टक्के. गिअरमधल्या उड्या १४ ते १७ टक्के, जवळजवळ सारख्या. त्यामुळे पायांची लय मोडत नाही. नेक्सस ८ चा पल्ला ३०७ टक्के, पण उड्या असमान: पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि पाचव्यावरून सहाव्यावर जाताना २२ टक्के, बाकीच्या १४ ते १८. पाचवा गिअर सरळ जोडलेला, म्हणजे गुणोत्तर १. पुढे ३८ दाते, मागे १९ आणि २८ इंची चाक धरलं, तर पॅडलच्या एका फेऱ्यात आठचा हब साधारण २.३ ते ६.९ मीटर नेतो, तीनचा ३.१ ते ५.९. म्हणजे आठच्या हबची जास्तीची किंमत मुख्यतः चढासाठी मोजायची.

आणि इथेच गोम आहे. जिथे चढ तिथे उतार, आणि लांब उतार हाच कोस्टर ब्रेकचा शत्रू. ब्रेकचे शू, म्हणजे आतले धातूचे तुकडे, हबच्या आतल्या भिंतीवर घासतात, धातूवर धातू, मध्ये फक्त ग्रीस. सतत दाबून ठेवलं की हब तापतो, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, उरलेलं जळतं. कोरडे शू आधी किंचाळतात आणि मग चाक एकदम जाम करतात. कॅलिफोर्नियात १९७६ पासून डोंगरउतारावर सायकलींची जी शर्यत व्हायची, तिचं नावच ‘रिपॅक’ पडलं, कारण खाली पोचल्यावर कोस्टर हबमध्ये पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: सपाट रस्त्यासाठी तीनचा कोस्टर उत्तम, थोड्या चढउतारासाठी सातचा चालेल, पण आठ गिअर लागतील असा रस्ता असेल तर त्याच हबचा रोलर (हबच्या बाजूला बसणारा बंद ब्रेक) किंवा डिस्क ब्रेकवाला प्रकार घ्या.

जुन्या सायकलीत हब बदलताना फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधली रुंदी मोजा. नेक्सस ३ कोस्टर १२० मिलिमीटरचा, आठचा १३२ चा. स्टीलची फ्रेम तेवढी फाकवता येते. अॅल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नये.

बसवताना ब्रेकचा हात, म्हणजे डाव्या बाजूची ती पट्टी, चेनस्टेला (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) क्लिपने घट्ट बांधलेली हवी. ब्रेक लागताना अॅक्सल फिरू पाहतो, त्याला ही पट्टी अडवते. क्लिप सैल राहिली तर अॅक्सल फिरून केबल तुटते आणि ब्रेकही जातो. पट्टी ओढूनताणून क्लिपमध्ये बसवू नका. वाकडी ताणली गेली की चाक जड फिरतं. अॅक्सल न फिरू देणारे वॉशर डावे-उजवे वेगळे असतात आणि ड्रॉपआउटच्या, म्हणजे चाक बसतं त्या फ्रेमच्या खाचेच्या, कोनाप्रमाणे निवडायचे असतात. शिमानोचे नट ३० ते ४५ न्यूटन-मीटरला आवळायचे.

चेन मध्यावर वरखाली मिळून सुमारे १२ मिलिमीटर हलावी. डिरेलरसारखा स्प्रिंगचा, चेन ताणून धरणारा टेन्शनर इथे चालत नाही. उलट्या दाबाने तो खेचला जातो. चेन तुटली किंवा उतरली की मागचा ब्रेक शून्य, त्यामुळे पुढचा ब्रेक हवाच.

दोन गिअरच्या स्टर्मी एस२सीला (१ आणि १.३८) केबलच नाही: पॅडल किंचित उलटं केलं की गिअर बदलतो, जोरात दाबलं की ब्रेक. देखणा प्रकार, पण सिग्नलला हळू होताना नको तेव्हा गिअर पडतो.

जुन्या बाजारात स्टर्मीचा टीसीडब्ल्यू, हा तीन गिअरचा जुना कोस्टर हब, दिसला तर सांभाळून. त्यात ब्रेकचा जोर गिअरमधूनच जातो, त्यामुळे केबल बिघडून हब दोन गिअरच्या मध्ये अडकला तर उलटं पॅडल नुसतंच फिरतं.