सज्ज पर्यायी केंद्र की रोजचा बॅकअप?

संगणक यंत्रणा बंद पडल्यास काम सावरण्यासाठी दुसऱ्या जागी तयार ठेवलेली जोडयंत्रणा (पर्यायी केंद्र) घ्यावी की रोज रात्री नोंदींची वेगळी प्रत (बॅकअप) काढावी, या दोहोंत अडकलेल्या संस्थेने आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: काम किती वेळ बंद राहिलेले चालेल आणि किती वेळच्या नोंदी गमावणे परवडेल. पर्यायी केंद्रात नोंदी सतत उतरत असल्याने काम काही मिनिटांत सुरू होऊ शकते. मात्र दुसरी यंत्रणा पोसण्याचा खर्च मोठा, आणि चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअर या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने कुलूपबंद केलेली फाइल तिकडेही तशीच पोहोचते, हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. रात्रीचा बॅकअप स्वस्त; पण सायंकाळी पाचला सर्व्हरची डिस्क गेली, तर दिवसभराच्या नोंदी जातात आणि यंत्रणा पुन्हा उभी करण्यात तास, कधी दिवसही जातात. काम पुन्हा सुरू करण्याचा सराव दोन्हींना लागतोच. अखंड व्यवहारांच्या बँकेला पर्यायी केंद्र हवेच, तेही बॅकअपसह. एखादा दिवस कागदावर भागवू शकणाऱ्या कार्यालयाला नेटवर्कपासून तोडून ठेवलेला, त्यातून नोंदी प्रत्यक्ष परत आणून तपासलेला बॅकअप पुरेसा आहे.