जवळपास नवी लक्झरी गाडी: कंपनीच्या काउंटरवरून घ्यावी की बाहेरच्या डीलरकडून?

मर्सिडीजची सी-क्लास, बीएमडब्ल्यूची ३ सिरीज, ऑडीची ए४ किंवा त्याच पंक्तीतली एखादी एसयूव्ही. दोन-तीन वर्षांची, रनिंग पंचवीस हजारांच्या आतबाहेर. एवढं तुमचं ठरलंय असं धरून चालतो. कोणती गाडी सरस यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ती कुणाकडून घ्यावी यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि सोलापुरात बसून असली गाडी शोधणारा खरा मेटाकुटीला येतो तो तिथेच.

आपल्याकडे एमएच-१३ पासिंगच्या अशा गाड्या विकायला निघतात, पण मोजक्या. त्यामुळे शोध पुण्याकडे वळतो. तिथे दोन प्रकारची दुकानं. एक, कंपनीच्या अधिकृत डीलरचा जुन्या गाड्यांचा काउंटर: मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस, ही सगळी त्यातलीच नावं. दुसरं, सगळ्या ब्रँडच्या गाड्या एका छताखाली लावणारा बाहेरचा डीलर. मी दोन्हीकडे फिरलो, दोन्हीकडे भाव केला आणि एकीकडून गाडी घेतली. तिचा अनुभव मनासारखा आला, म्हणून माझं झुकतं माप कुठे आहे ते पुढे कळेलच. तुमची गरज वेगळी असेल तर निवडही वेगळी होऊ शकते.

बाहेरच्या डीलरच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी त्याच्याकडे मला दोन-तीन लाखांनी स्वस्त दिसली. एकाच आवारात पाच ब्रँडच्या गाड्या बसून बघता येतात, लागोपाठ चालवता येतात. आपली जुनी गाडी देऊन फरक भरायचा असेल तर तिथे हात सढळ असतो. माझ्या जुन्या सेडानला कंपनीच्या काउंटरपेक्षा बाहेर चांगला भाव सांगितला होता. आणि माणसं बोलकी. फोन उचलतात, परत फोन करतात, रविवारीही दुकान उघडं ठेवतात. कंपनीच्या काउंटरवर आज बोलला तो एक्झिक्युटिव्ह पुढच्या महिन्यात दुसऱ्याच शोरूमला गेलेला असतो आणि सगळी कथा नव्याने सांगावी लागते.

भावाच्या बोलणीत एक खेळ मात्र दोन्हीकडे चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. त्याआधी सेस, म्हणजे वरचा उपकर, धरून तो ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जायचा. म्हणजे नव्या गाडीचीच किंमत काही लाखांनी उतरली. तरी जुन्या गाडीच्या शेजारी उभं राहून सेल्समन सांगतो, ‘साहेब, ऑन रोड इतक्याला पडली होती ही, तुम्हाला बघा कितीला देतोय.’ पडली असेल, पण तो २०२३चा भाव. त्याच मॉडेलचं आजचं कोटेशन खिशात ठेवून जा आणि सूट त्यावरून मोजा. दुसरं, जुन्या गाडीवर जीएसटी १८ टक्के असला तरी तो डीलरच्या नफ्यावर बसतो, पूर्ण किमतीवर नाही. कुणी गाडीच्या पूर्ण रकमेवर १८ टक्के लावून कागद पुढे सरकवला तर तिथेच थांबवा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, लावतात, तो योग्य आहे आणि आयकराचं रिटर्न भरताना वळता होतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, तिच्याकडे येतो.

बाहेरच्या डीलरच्या फोटोत गाडीची नंबर प्लेट झाकलेली असते. वर त्यांच्या दुकानाच्या नावाची पट्टी. नंबर मागितला की ठरलेलं उत्तर येतं. मी एकाला विचारलं, ‘गाडीचा नंबर आणि सर्व्हिस रेकॉर्ड व्हॉट्सॲपवर टाका, बघून लगेच निघतो.’ तो म्हणाला, ‘नंबर देत नाही हो आम्ही. या तर खरं, गाडी बघा, आवडली तर टोकन करा, मग सगळे पेपर दाखवतो.’ मी म्हणालो, ‘ओ, सोलापुरातून यायचंय, अडीचशे किलोमीटर आहे.’ त्यावर, ‘साहेब, गाडी बघितल्यावर विचारणारच नाही तुम्ही काही.’

पुण्यातल्या गिऱ्हाइकाला हे चालून जातं. तो ऑफिस सुटल्यावर बाणेरला चक्कर मारतो, पटलं नाही तर घरी जातो. आपल्याला सकाळी सहाची वंदे भारत पकडायची, कारण गाडी पसंत पडली तर चालवत आणायची म्हणून स्वतःची गाडी नेत नाही. नाही पटली तर संध्याकाळच्या वंदे भारतची वाट बघत पुण्यात दिवस काढायचा आणि रात्री साडेदहानंतर सोलापुरात उतरायचं. दुकान, कारखाना, दवाखाना, जे काही असेल ते दिवसभर दुसऱ्याच्या भरवशावर. जी गोष्ट एका फोटोत कळली असती तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

नंबरावरून काय कळतं? सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर पासिंगची तारीख दिसते, कितवा मालक ते दिसतं, इन्शुरन्स कुठवर आहे आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का तेही दिसतं. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं, त्यामुळे गुप्तता मोडत नाही. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, असेल तर त्या ब्रँडच्या वर्कशॉपमध्ये गाडीची हिस्ट्री निघते: कधी आली, किती किलोमीटरवर आली, काय बदललं, इन्शुरन्स क्लेममध्ये काय काम झालं. दोन-तीन वर्षांच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सहसा ठणठणीतच असतात. पाहायची असते ती हीच हिस्ट्री. ठोकलेली गाडी बाहेरून छान रंगवून मिळते, आणि जर्मन गाडीचा एकेक एलईडी हेडलाइट लाखालाखाच्या घरात जातो.

डीलरचीही अडचण मी समजू शकतो. पुष्कळदा गाडी त्याची नसते, मालकाने विकायला आणून लावलेली असते. नंबर बाहेर गेला तर गिऱ्हाईक परस्पर मालकाला गाठेल आणि त्याचं कमिशन बुडेल, ही भीती खोटी नाही. पण मग किमान सर्व्हिसची पानं नंबर झाकून पाठवता येतात. तेही कुणी करेना.

अशाच एका गाडीसाठी मी पुण्याला गेलो होतो. राखाडी रंगाची सेडान, २०२२चं पासिंग, रनिंग एकोणीस हजार सांगितलेलं. गाडी पुसून चकचकीत करून ठेवली होती. मी टायरपाशी वाकलो. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्ही टायरवर २०२२मधला आठवडा होता. पुढच्या दोन्हींवर ११२४, म्हणजे २०२४चा अकरावा आठवडा. एकोणीस हजारांत पुढचे दोन टायर कशाला बदलले? ‘पंक्चर झालं असेल साहेब.’ दोन्ही? मग बॉनेट उघडून पाहिलं तर डाव्या हेडलाइटवरचं स्टिकर नवंकोरं आणि उजव्यावरचं उन्हाने पिवळं पडत आलेलं. चाक आणि दिवा, दोन्ही नवे. गाडी पुढून डावीकडे लागली असावी एवढं माझ्यासारख्यालाही दिसत होतं. मी सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं. उत्तर तेच, टोकन केल्यावर. टोकन पंचवीस हजार, आणि ते परत मिळणार का यावर नुसतंच ‘बघू की, तुमचं-आमचं काय’. लिहून द्यायला तयार नाही.

लागलेली गाडी वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. नीट दुरुस्त झालेली असेल, त्या हिशेबाने भाव लावला असेल, तर ती घेण्यात काही गैर नाही. मला राग आला तो आधी न सांगण्याचा.

कंपनीच्या काउंटरवर उलटं घडलं. तिथल्या मुलीने फोनवर बोलता बोलताच चासी नंबर सांगितला आणि दुपारपर्यंत वर्कशॉपची हिस्ट्री ईमेलवर आली. दोन पानं. प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या वेळचं किलोमीटर, वर्षाला एक सर्व्हिस, एकदा ब्रेक पॅड, आणि एका ओळीत मागचा बंपर रंगवल्याची नोंद, इन्शुरन्स क्लेमसकट. ती बंपरची गोष्ट मला तिथे जाऊन शोधून काढावी लागली नाही, त्यांनीच आधी कळवली. गाडी बघायला निघालो तेव्हा मला काय बघायचंय ते ठाऊक होतं. तासाभरात गाडी पाहून झाली आणि उरलेला वेळ भावात गेला.

हा काउंटर धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र समजू नका. भाव जवळजवळ हलत नाही. इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या असा लकडा लावतात. घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, बाहेरचं कोटेशन दाखवलं की आकडा खाली येतो. ‘हँडलिंग’ नावाची एक ओळ बिलात होती, ती विचारल्यावर निघाली. वॉरंटीबद्दल तर खोदून विचारा. मूळ वॉरंटी ब्रँडप्रमाणे दोन किंवा तीन वर्षांची असते आणि ती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. सर्टिफाइड म्हणून वर जी वॉरंटी देतात ती किती महिन्यांची, तिच्यात गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स धरलेत का, हे कागदावर पाहा. डेमो गाडी दाखवली तर भाव मोहात पाडणारा असतो, पण ती डीलरच्या नावावर पास झालेली असते. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, तुम्ही दुसरे मालक होता आणि पुढे विकताना तो आकडा बोचतो.

तिसरा रस्ता, थेट मालकाकडून. होटगी रोडवरच्या एखाद्या डॉक्टरांनी गाडी बदलायला काढली, तुमच्या ओळखीतली, एका हाती वापरलेली, तर त्याहून चांगलं काही नाही. सगळी हिस्ट्री तोंडी मिळते. पण गावातल्या ओळखीत भाव करताना जीभ अडखळते आणि पुढे काही निघालं तर बोलताही येत नाही. शिवाय बँकेची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म ३५ने कर्जाचा बोजा उतरवणं, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या, ही धावपळ तुमची. अशी गाडी योगानेच समोर येते, तिची वाट बघत बसता येत नाही.

हैदराबादचंही बरेच जण सुचवतात. रस्ता सरळ, सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या निम्म्या घरांचे तिकडे सोयरे, आणि गाड्याही भरपूर. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथली एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वीस लाखांवरच्या नव्या पेट्रोल गाडीला तो १३ टक्के आहे, डिझेलला १५. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सवलत मिळते, तरी स्वस्तातली बरीच गंमत त्यात जाते. मी त्या वाटेला गेलो नाही.

बाहेरच्या डीलरकडेच जायचं असेल, आणि भावातला फरक बघता बऱ्याच जणांना जावंसं वाटेल, तर एक गोष्ट धरून बसा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन खबर फॉर्म २९सी मध्ये द्यावी लागते. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. हे दोन कागद फोनवरच मागा. जो पाठवतो, तो बहुतेक वेळा नंबरही पाठवतो. असा एक डीलर मला भेटला, वाकडजवळचा. त्याच्याकडे मला हवी ती गाडी असती तर मी बहुधा त्याच्याकडूनच घेतली असती आणि दोन लाख वाचवले असते. जो नुसतं ‘या तर खरं’ म्हणतो, त्याच्यासाठी निदान सोलापूरकराने तरी तिकीट काढू नये, असं माझं मत आहे.

मी गाडी कंपनीच्या काउंटरवरून घेतली. जास्त दिलेले पैसे मला त्या दोन पानांसाठी दिल्यासारखे वाटतात आणि ते खटकत नाहीत. एसी मे महिन्यातल्या आपल्या उन्हातही पुरतो, रन-फ्लॅट (हवा गेली तरी चालणारे) टायर टेंभुर्णीच्या पुढे खड्ड्यात दणका देतात, पण तो टायरचा गुण.

गाडी ताब्यात घेताना दोन कामं तिथेच उरका. इन्शुरन्स चौदा दिवसांत तुमच्या नावावर झाला पाहिजे, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. आणि दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. मला दुसरी किल्ली ‘उद्या कुरिअर करतो’ म्हणून सांगितली आणि ती यायला बरेच फोन करावे लागले, तेही याच कंपनीच्या काउंटरला. असल्या गाडीची नवी किल्ली चासी नंबरावर मागवावी लागते आणि तिचं बिल हजारांत येतं.