सेवा केंद्राचा कॉम्प्युटर: अपडेट लगेच घ्यायचं, थांबून घ्यायचं की बंदच ठेवायचं?

जून लागला की परभणी-हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत सेवा केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयरसाठी गर्दी होते. ती ओसरते न ओसरते तोच पीकविमा सुरू. नेमका याच दिवसांत केंद्रचालकांचा प्रश्न येतो: विंडोजचं अपडेट आलंय, घेऊ का राहू देऊ? माझं मत सरळ आहे. काउंटरच्या मशीनवर आठ-दहा दिवस थांबून घ्या. लगेच नको, आणि बंद तर मुळीच नको.

लगेच घेण्यात काय धोका असतो ते आधी बघू. सुरक्षेचं मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री उशिरा. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. मशीन रोज नीट चालू होत असेल तर हा दोष कळतही नाही. पण लाइट जाऊन विंडोज बिघडली आणि दुरुस्तीची निळी स्क्रीन आली, की पर्याय समोर दिसतात आणि एकही निवडता येत नाही. बाहेर माणसं ताटकळलेली असताना हे फार वाईट. मायक्रोसॉफ्टनं २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ हे खास अपडेट काढून दोष दूर केला. आठवडाभर थांबलेल्याला त्याची झळ लागलीच नाही.

२०१८ मध्ये तर याहून गंभीर घडलं. २ ऑक्टोबरला आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटनं काही जणांच्या फायलीच पुसल्या. चार दिवसांत ते थांबवावं लागलं, पुन्हा आलं ते १३ नोव्हेंबरला. सुरुवातीला ते मिळालं होतं स्वतःहून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबणाऱ्यांना. म्हणून काउंटरच्या मशीनवर ते बटण उगाच दाबू नका.

थांबल्यानं सगळंच टळतं असं मात्र नाही. जानेवारी २०२५ अखेरच्या प्रीव्ह्यू अपडेटपासून (म्हणजे पुढच्या मासिक अपडेटआधी चाचणीसाठी येणारं ऐच्छिक अपडेट) विंडोज १० आणि विंडोज ११ च्या २३एच२ व त्याआधीच्या आवृत्तीवर काही यूएसबी प्रिंटर आपोआप कागद ओकू लागले. पानावर ‘पोस्ट’ आणि ‘आयपीपी’ असली इंग्रजी आज्ञेची ओळ, खाली निरर्थक चिन्हं. प्रिंटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की हे जास्त व्हायचं. दिवसातून चारदा लाइट जाणाऱ्या गावात याचा अर्थ काय ते सांगायला नको. दुरुस्ती आली मार्चअखेरीस, म्हणजे दहा दिवसांच्या सबुरीनं इथं काहीच साधलं नसतं.

डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं, कारण विंडोज त्याला स्मार्ट कार्ड म्हणूनच ओळखते. ऑक्टोबर २०२५ मध्येच सुरक्षेसाठी केलेल्या एका बदलानंतर काही जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमना स्मार्ट कार्ड ओळखता येईना, कागदपत्रांवर सही होईना. हा बदल मुद्दाम केलेला होता. तात्पुरता उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत होता, पण तिथं जाणकारालाच हात घालू द्या. कायमचा उपाय म्हणजे सहीचं सॉफ्टवेअर नवं करून घेणं.

आता तिसरी वाट. ‘अपडेट बंद करून टाकलंय, कटकटच नको’ असं अभिमानानं सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी २०१७ आठवावं. विंडोजमधलं भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलं होतं. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं त्याच वाटेनं जगभरची मशीन कुलूपबंद केली. जूनमध्ये तेच भगदाड वापरणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसनं आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही अडवलं. तुमच्या मशीनवर लोकांच्या आधारच्या आणि पासबुकाच्या प्रती असतात. त्या वाऱ्यावर सोडायचा हक्क आपल्याला नाही.

तेव्हा सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन एक-दोन आठवड्यांचं ‘पॉज’ लावा. विंडोज ११ मध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत लागतं, पण तेवढं ताणू नका. तिथंच ‘लेटेस्ट अपडेट्स’ लगेच मिळवण्याची कळ बंद ठेवा, प्रीव्ह्यूला हात लावू नका. दोन मशीन असतील तर मागच्या खोलीतल्या मशीनवर आधी घ्या, त्यावर एक दाखला छापून आणि एक सही करून बघा, मग काउंटरकडे वळा. तेही संध्याकाळी, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असताना. तरीही बिनसलं तर ‘अपडेट हिस्ट्री’त ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे. बिघडलेलं तेवढं काढा आणि दुरुस्ती येईपर्यंत पॉज लावा.