घट्ट तेल, उथळ थर: वाफ सोडायची की आग लावायची?

मुंबईत तेल म्हटलं की मुंबई हाय आठवतं, 1974 साली समुद्रात सापडलेलं पातळ तेल. म्हणूनच इथल्या एखाद्या छोट्या कंपनीनं जमिनीवरचं उथळ, घट्ट तेलाचं क्षेत्र घ्यायचं मनात आणलं, की पहिली चर्चा विहिरी किती खणायच्या यावर होते. ते नंतर बघू. आधी उष्णता कुठून आणणार ते सांगा. थंड डांबर पंपानं ओढून येत नाही. कॅनडातल्या अथाबास्काचं बिटुमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल, जमिनीखाली दहा लाख सेंटिपॉइजच्या (घट्टपणा मोजायचं एकक) घरात असतं, तेच 200 अंशांना दहाच्या आसपास येतं.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आलटून-पालटून वाफ. एकाच विहिरीत काही आठवडे वाफ सोडायची, काही दिवस विहीर बंद ठेवायची आणि मग तिच्यातूनच तेल उपसायचं. ऑइल इंडिया राजस्थानात बाघेवाला इथे हेच करते. एका विहिरीवर करून बघता येतं, जमलं नाही तर थांबता येतं. मला हा गुण फार मोलाचा वाटतो. पण पहिली आवर्तनं देतात तेवढं पुढची देत नाहीत.

कॅनडावाल्यांचा मार्ग वेगळा: एकावर एक, सुमारे पाच मीटर अंतरानं दोन आडव्या विहिरी, वरचीत वाफ आणि खालचीत ओघळून येणारं तेल. तेल भरपूर निघतं, पण निदान दहा-पंधरा मीटर जाडीची सलग वाळू हवी. मधे शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या खडकाचे, पापुद्रे असतील तर हा नाद सोडा.

तिसरा, आग. हवा दाबून आत सोडायची आणि तेलाचाच थोडा जड भाग जाळायचा. गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि सांथाल इथे ओएनजीसी 1997 पासून हे मोठ्या प्रमाणावर करते. ना बॉयलर, ना वाफेसाठी पाणी; थर पातळ असला तरी चालतं. मात्र आग कुठवर पोचली ते दिसत नाही. आम्लयुक्त वायू विहिरी खातात, आणि उत्पादन विहिरीत ऑक्सिजन आला तर स्फोटाची भीती. कॉम्प्रेसर बंद पडून चालत नाही. नवख्या कंपनीनं सुरुवात इथून करू नये, असं माझं मत.

वाफेचा खर्च मुख्यतः गॅसचा. एक पिंप तेलामागे तीन पिंपं पाण्याची वाफ लागली तर जमतं. चार-पाचच्या पुढे हिशेब बसत नाही. उथळपणाचा फायदा असा, की वाफ खाली पोचेपर्यंत कमी थंडावते. तोटा थराच्या डोक्यावर. वरचा खडक पातळ असेल तर वाफ तो फोडून बाहेर येते. 1959 साली व्हेनेझुएलात अशाच फुटलेल्या वाफेमुळे दाब सोडावा लागला, तेव्हा विहिरीतून तेल आलं आणि पहिल्या मार्गाचा शोध लागला! 2006 साली अल्बर्टात जॉसलिन क्रीकला मात्र जमिनीला खड्डा पडला आणि दगड उडाले.

अंदाजपत्रकात विहिरीच्या बांधणीवर काटकसर दिसली तर कंत्राटदाराला परत पाठवा. 300 मीटरचा मोकळा पाइप 200 अंशांनी तापला तर सुमारे 70 सेंटिमीटर वाढतो. त्याला जखडून ठेवणारं सिमेंट वरपर्यंत हवं आणि त्यात सिलिकाची पूड हवी. साधं सिमेंट या उष्णतेत ताकद गमावतं.

जाड वाळू, भक्कम छप्पर, स्वस्त गॅस आणि पाणी असं सगळं हाताशी असेल तरच दोन आडव्या विहिरींचा विचार करा. नाहीतर एका विहिरीवर वाफ. थर पातळ आणि पाणी दुर्मीळ असेल तर आगीचा पर्याय उरतो, पण आधी तिथल्याच तेल-वाळूवर प्रयोगशाळेत ज्वलन-नळीची चाचणी, म्हणजे नळीत भरून जाळून बघणं, करून घ्या. आणि छपराचा खडक किती दाब सोसतो ते विहिरीतच मोजून घेतल्याशिवाय बॉयलरची ऑर्डर देऊ नका.