जुन्या इंग्लिश फार्महाऊसची लाकडी चौकट: कूड की विटा?

केंटमधून हलवून ससेक्सच्या संग्रहालयात पुन्हा उभारलेल्या ‘बेलीफ’ (Bayleaf) नावाच्या पंधराव्या शतकातल्या फार्महाऊसमध्ये ओकच्या चौकटीतले गाळे कुडाने भरलेले आहेत. वरच्या तुळईत भोकं, खालच्या तुळईत लांब खाच. त्यांत ओकच्या उभ्या पट्ट्या बसवायच्या, हेझल या झुडपाच्या काठ्या विणायच्या, मग माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गारा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबायचा, म्हणजे तो विणीत घट्ट अडकतो. वरून चुन्याचा गिलावा. आपल्या कोकणातल्या कुडाचाच हा भाऊ. पेंढा कमी पडला तर भेगा जातात. पण पडलेला गारा भिजवून पुन्हा वापरता येतो.

विटांची भरणी सतराव्या शतकापासून वाढली. ती टिकाऊ दिसते, पण जड असते; कुडाचं वजन धरून केलेली चौकट विटांखाली वाकते. लाकूड आकसलं की कडेला फट पडते, पाणी शिरून खालच्या तुळईवर साचतं आणि खुंट्यांचे सांधे कुजतात. विटांमधल्या फटी सिमेंटने भरल्या तर ओल बाहेरच पडत नाही.

कूड शिल्लक असेल तर तोच दुरुस्त करावा. जुन्या विटाही उगाच काढू नयेत. सिमेंट तेवढं खरवडून चुना भरावा.