एकच मोठं कार्ड की चार लहान?

गेल्या दोन-तीन लगीनसराईंत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाचं लिहूनच टाकतो. कॅमेरा घेऊन झालेला असतो, लेन्सच्या किमतीवरून घरी भांडणही उरकलेलं असतं, आणि मग माणूस मेमरी कार्डापाशी येऊन अडतो: १२८ जीबीचं एकच घ्यावं की ३२ ची चार? वेग, क्लास, व्ही३० वगैरे कार्डावरच्या वेगाच्या खुणा तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. मी आधी मोठं वापरलं, आता लहान वापरतो. माझं काम म्हणजे इंदुरातल्या मराठी घरांतल्या मुंजी, बारशी, साखरपुडे, आणि हौसेखातर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे. व्हिडिओ जवळजवळ नाहीच. तुमचं काम वेगळं असेल तर माझ्या मताला तेवढी कात्री लावा.

कॅमेऱ्याला कार्डाचे दोन स्लॉट असतील तर पुढचं अर्धं वाचलं नाहीत तरी चालेल. दुसऱ्या स्लॉटला बॅकअप लावा, आकार कुठलाही घ्या. पण हौशी माणसाच्या हातात बहुधा एकाच स्लॉटचा कॅमेरा असतो. निकॉनच्या डी७२०० ला दोन होते, त्यानंतरच्या डी७५०० ला एकच ठेवला. माझाही एकाचाच, त्यामुळे जे काही आहे ते त्या एका कार्डावर.

मोठ्या कार्डाची बाजू आधी मांडतो. रंगपंचमीला राजवाड्यासमोर उभे राहिला असाल तर ती लगेच पटेल. वरून टँकरच्या पंपाचं पाणी, समोर गुलालाचा ढग, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीच्या तोंडाला दोन रबरबँड. अशात ते रबरबँड सोडून, ओल्या रंगीत बोटांनी दार उघडून, टपाल तिकिटाएवढं कार्ड काढायचं आणि दुसरं घालायचं? एकदा केलंय. खाली पडलं असतं तर ते शोधायलाही कुणी वाकू दिलं नसतं. मोठं कार्ड घातलं की सकाळी पिशवी बांधली ती दुपारी घरी येऊनच सोडायची.

हिशेबही मोठ्याच्या बाजूने आहे. चार कार्डं म्हणजे बिघडायला चार जागा. शिवाय सारखं काढ-घाल केल्याने स्लॉटमधल्या पिना झिजतात असं म्हणतात. मला तो अनुभव नाही, पण म्हणणं चुकीचं वाटत नाही. आणि दर जीबीमागे मोठं कार्ड स्वस्त पडतं, हे तर दुकानात उभ्या उभ्या कळतं.

इतकं सगळं असून मी ते सोडलं, ते एका मुंजीनंतर.

आत्येभावाच्या मुलाची मुंज, रामबागेत, एप्रिलमधली. मातृभोजन झालं, भिक्षावळ झाली, आणि पंगत बसायच्या आत लॅपटॉपवर फोटो दाखव म्हणून घरच्यांचा आग्रह सुरू झाला. बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. कॅमेऱ्याचा कार्डावर लिहायचा दिवा अजून लुकलुकत होता आणि मी दार उघडून कार्ड ओढलं. चूक सरळसरळ माझी. लॅपटॉपने विचारलं, फॉरमॅट करायचं का? नको म्हणण्याइतकी अक्कल शाबूत होती. कार्ड खिशात टाकलं, पुढचे फोटो मोबाइलवर काढले आणि लोकांना सांगितलं, संध्याकाळी दाखवतो. कार्ड रुसल्यावर त्याच्यावर पुढे एकही फोटो काढायचा नाही, एवढं तरी पाळलं.

रात्री आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर काढली. माझ्या जुन्या कार्ड रीडरवर त्यालाच दोन तास लागले. मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं. उडालेले फोटो परत काढणारं क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे फुकट मिळणारं साधन दिसायला ओबडधोबड आहे, काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं, पण कामाला चोख. फोटो परत आले, जवळजवळ सगळे.

आले, पण कसे आले ते ऐका. फोटोरेक कार्डावरच्या फाइलींच्या यादीवर विसंबतच नाही. जेपेगची सुरुवात ज्या ठराविक खुणेने होते ती खूण शोधत ते कार्डाचा एकेक कप्पा चाळत जातं. म्हणून यादी उडाली तरी फोटो सापडतो, नाव मात्र सापडत नाही. कॅमेऱ्याने दिलेलं डीएससी आणि चार आकड्यांचं नाव गेलं, त्या जागी एफ आणि पुढे सात किंवा जास्त आकडे. पाचशे-पाचशे फाइलींचं एकेक फोल्डर. मधेमधे टी-ने सुरू होणारी बोटभर थंबनेल. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग एकाच नावाने शेजारी बसायचे, ती जोडीही फुटलेली.

आणि कार्ड १२८ चं, म्हणून मी ते डिसेंबरपासून रिकामंच केलं नव्हतं. जागा होती ना! डिसेंबरचा साखरपुडा, मार्चची गेर, एप्रिलची मुंज, सगळं एकावर एक. त्यातले जे फोटो मी कॅमेऱ्यातच डिलीट केले होते तेही उठून आले, कारण डिलीट केल्याने फोटो पुसला जात नाही, ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. जिवंत आणि मेलेले एकाच पंगतीला.

तारखेने लावून घ्यायचे ना, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं. फोटोच्या पोटात काढल्याची वेळ असते आणि एक्झिफटूल नावाचं साधन हजारो फाइलींना त्यावरून झटक्यात नावं देतं. पण माझ्या कॅमेऱ्यातला घड्याळाचा छोटा सेल दमलेला आहे. मोठी बॅटरी बदलली की घड्याळ पुन्हा १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून सुरू. तारीख लावायचा निरोप पडद्यावर यायचा आणि मी तो ओके दाबून घालवायचो. त्यामुळे गेरही १ जानेवारीची आणि मुंजही १ जानेवारीची. लावल्यावर दिसलं ते असं: मुंडण केलेला बटू, त्यापुढे हिरव्या-जांभळ्या तोंडाचे चार जण, मग मांडीवर बसलेला बटू, मग टँकर, मग भिक्षेच्या झोळीत पडणारे तांदूळ, मग पुन्हा टँकर.

तीन रात्री हाताने वेगळे करत बसलो. मावशी शेजारी येऊन बसायची. तिचा एक चांगला फोटो होता, मुलाला ओवाळतानाचा. तो खालच्या अर्ध्यात राखाडी झालेला. डोळे मिटलेले सहा मात्र धडधाकट.

"अरे, हे तर तू तेव्हाच काढून टाकलेस ना?" तिने विचारलं.

"टाकले होते, मावशी."

"मग नेमके हेच कसे रे वाचले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. राखाडीचं होतं. जेपेगमध्ये चित्र सलग विणलेलं असतं. मधे एक टाका सुटला की पुढची सगळी वीण सरकते, म्हणून वरचं अर्धं नीट आणि खाली राखाडी किंवा भलत्याच रंगाचे पट्टे. असा फोटो दुरुस्त करायच्या नादी सहसा लागू नये. त्याचा रॉ जोडीदार सापडला तर रॉच्या पोटात आणखी एक तयार जेपेग असतं, ते एक्झिफटूलने बाहेर काढता येतं. मावशीचा फोटो तसाच मिळाला. पण नावं गेलेली, त्यामुळे जोडीदार हुडकायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

फोटो गमावणं वाईट, यात वाद नाही. पण मला मोठं कार्ड सोडायला लावलं ते या निवडत बसण्याने. आणि त्याचं कारण कार्डाच्या आकारात आहे, असं मला वाटतं. ते एफपुढचे आकडे म्हणजे फोटो कार्डावर कुठे होता तो पत्ता. कार्ड रिकामं करून, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरलेलं असेल तर कॅमेरा ओळीने लिहीत जातो. मग नावं उडाली तरी आकड्यांची ओळ हीच काढल्याची ओळ, आणि रॉ-जेपेगही शेजारीशेजारी. पण महिनोन्‌महिने थोडं भरायचं, थोडं डिलीट करायचं असं चाललं की नवे फोटो जुन्या भोकांत जाऊन बसतात आणि पत्त्यावरून काही कळत नाही. मोठं कार्डही शिस्तीने रिकामं करता येतं, मान्य. मला कधी जमलं नाही. फडताळ मोठं असलं की कोण आवरतं?

लहानांचा अनुभव पुढच्या अनंत चतुर्दशीला आला. झांक्या रात्रभर चालतात, पुढे आखाडे लाठ्या फिरवत असतात, आणि मी चार कार्डं घेऊन गेलो होतो. रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवले की ३२ जीबीत माझे आठशेच्या आसपास फोटो बसतात. तिसरं कार्ड पहाटे घरी वाचेना. या वेळी मी काही ओढलं नव्हतं, कार्डच कुरकुरत होतं. पुन्हा प्रत काढली, पुन्हा फोटोरेक, पुन्हा एफ आणि आकडे. पण सगळे एकाच रात्रीचे, आखाड्यापासून शेवटच्या झांकीपर्यंत ओळीने. शे-पन्नास खराब निघाले. सकाळी पोहे-जिलेबी आणायला खाली उतरलो तेव्हा काम संपत आलं होतं. उरलेली तीन कार्डं तर आधीच कॉपी झालेली.

आणखी एक बारीक मुद्दा, फार ताणत नाही. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फाइली मांडायची फॅट३२ ही पद्धत असते आणि त्यात फाइल कुठे-कुठे आहे त्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात. त्यावरच्या कार्डांवर एक्सफॅट येतं, तिथे बहुधा एकच. माझं मोठं कार्ड त्यापायी गेलं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण मला दोन प्रती आवडतात.

लहान कार्डांचा जाच वेगळाच आहे: भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं? एका बारशाला भरलेलंच कार्ड पुन्हा घालून फॉरमॅटच्या बटणापर्यंत पोचलो होतो. आता डबीत रिकामं कार्ड तोंड वर करून आणि भरलेलं पालथं ठेवतो, प्रत्येकावर आकडा आणि घेतल्याचा महिना. बाजूची लॉकची कळ भरवशाची नाही. ती नुसती प्लास्टिकची सरकपट्टी असते, तिची जागा कॅमेरा पाहतो, कार्डाला स्वतःला काही ठाऊक नसतं. माझ्या एका कार्डाची कळ पडून गेली तर कॅमेरा ते कायमचं लॉक समजायला लागला. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावून चालवलं आणि मग निवृत्त केलं.

कुठलंही घ्या, पण नवं कार्ड आधी तपासा. बनावट कार्डं आत छोटी असून बाहेर मोठा आकडा सांगतात. खरी जागा संपली की पुढचे फोटो लिहिल्यासारखं दाखवतात आणि टाकून देतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री: कार्ड काठोकाठ भरतात आणि वाचून पडताळतात. ३२ ला माझ्याकडे चहा-बिस्किट होईपर्यंत आटोपतं. १२८ ला इतका वेळ लागायचा की मी ते कधी केलंच नाही. आणि कार्डावर संशय घ्यायच्या आधी रीडर बदलून पाहा. माझ्या एका मित्राने दोन चांगली कार्डं कचऱ्यात टाकली, दोष शंभर रुपयांच्या रीडरचा होता.

तुम्ही व्हिडिओवाले असाल तर मोठंच घ्या. फोर-के सेकंदाला शंभर मेगाबिटने लिहीत असेल तर ३२ जीबी चाळीसेक मिनिटांत संपतं, म्हणजे मंगलाष्टकांच्या ऐन मध्यात. पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर ३२ ऐवजी ६४ म्हणा. गेरमध्ये घुसणार असाल तर त्या दिवसापुरतं मोठं न्या, मी अडवणार नाही. बाकी मुंजी-बारशांना मी तरी चार लहानच नेईन.

ते १२८ चं कार्ड पुढे तपासलं तर ठणठणीत निघालं. भाच्याने मागितलं, देऊन टाकलं. परवा भेटला तेव्हा विचारलं, रिकामं करतोस ना रे मधूनमधून?

"मामा," तो म्हणाला, "अजून अर्धं बाकी आहे."