बोनेटखाली इंजिन नाही, तरी पाना लागतोच : ईव्हीच्या घरगुती देखभालीचा दीड वर्षाचा अनुभव

गाडी विजेवर चालणारी व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज, ट्विन मोटर, ७८ किलोवॅट-तासांची बॅटरी. वापर पुण्यातला रोजचा आणि महिन्यातून एकदोनदा घाट उतरून कोकणात. दीड वर्ष, दोन पावसाळे, सव्वीस हजार किलोमीटर. पार्किंग सोसायटीच्या तळमजल्यावर. खाली जे आहे ते घरी करता येण्याजोग्या कामांपुरतंच. वर्षाची सर्व्हिस वर्कशॉपमध्ये करायचीच आहे. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असताना कागदावर खाडाखोड नको.

ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, बेल्ट हे सगळं गेलं, पण गाडीचं वजन जवळजवळ २.२ टन झालं आणि ब्रेकचं बरंचसं काम मोटरनं उचललं. त्यामुळे दुखणी बदलली. आता टायर जास्त झिजतात आणि ब्रेक वापरावाचून खराब होतात. घरच्या देखभालीचा पाऊण वेळ या दोन गोष्टींवर जातो, तो तिथेच जाऊ द्यावा.

आधी टायर. या गाडीला पुढे २३५/५० आर१९ आणि मागे २५५/४५ आर१९ असे वेगळ्या मापाचे टायर आहेत. म्हणजे दर दहा हजाराला पुढचे मागे, मागचे पुढे ही जुनी सवय इथे विसरायची. डावे-उजवे बदलता येतात, तेही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. रोटेशनचा पर्याय गेला की हातात हवेचा दाब आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) एवढंच उरतं, म्हणून या दोन गोष्टींत हयगय नको.

दाब नेहमी थंड टायरचा मोजायचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयनं वाढतो. पुण्यात जानेवारीत सकाळी १२ अंश आणि दुपारी ३०, म्हणजे गाडी जागची न हलताही तीन पीएसआयचा फरक. दुपारी पंपावर जाऊन 'बरोबर' भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे कमी निघते ती यामुळे. वर पंपावरचा काटा आपल्या मनाचा राजा. आठशे-हजार रुपयांचा डिजिटल गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कंप्रेसर घ्या. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी काढायच्या आधी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तो. शेजाऱ्याच्या गाडीचा ३३ इथे कामाचा नाही.

नक्षीची खोली मोजायला शंभर रुपयांचा गेज पुरतो. एकाच टायरवर तीन जागी मोजा : आतली कड, मध्य, बाहेरची कड. सव्वीस हजारावर मागच्या टायरचं माप बाहेर ४.५ मिलिमीटर, आत ३.५. बाहेरून टायर झकास दिसतो आणि आतून संपत असतो, याचं कारण अलाइनमेंट. खड्ड्यातून एक जोरदार दणका बसला की ती हलते. पुढच्या चाकाची आतली कड स्टीअरिंग पूर्ण वळवून दिसते. मागची दिसत नाही, तिथे मोबाइल खाली धरून फोटो काढायचा. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण ३ च्या खाली आलेल्या टायरवर जुलैत द्रुतगती मार्गावर जाणं शहाणपणाचं नाही. नवीन टायर घेताना माप जुळलं म्हणून हुरळू नका, बाजूवरची एक्सएल (जादा भाराचा टायर) ही अक्षरं आणि भारांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) जुना टायर बघून ताडून घ्या. एवढ्या वजनाला साधा टायर कमी पडतो.

पंक्चर झालंच तर जेल भरणं शेवटचा उपाय. चिकट रबराच्या पट्टीनं वेळ भागते, पण कायमचं काम टायर उतरवून आतून बसवलेल्या मश्रूम पॅचनं. टायरच्या आत आवाज शोषणारा स्पंज असेल तर तो तेवढ्या जागी कापून काढावा लागतो. पंक्चरवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो पॅच स्पंजावरच लावायला निघतो.

चाक काढण्याबद्दल थोडं सविस्तर. इथे नट नाहीत, बोल्ट आहेत. म्हणजे बोल्ट काढले की चाकाला लटकायला काही उरत नाही आणि पंचवीस किलोच्या आसपासचं धूड हातात येतं. यावरचा सोपा तोडगा म्हणजे एम१४ गुणिले १.५ आट्यांची मार्गदर्शक पिन. सर्वांत वरचा बोल्ट काढून त्या भोकात ती हातानं बसवायची, मग बाकीचे चार काढायचे. चाक पिनेवर सरकत बाहेर येतं आणि परत लावताना भोकं शोधत बसावं लागत नाही. घट्ट करताना बोल्ट ताऱ्याच्या क्रमानं, आधी हातानं, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचनं (ठरवलेल्या जोरानं आवळणारा पाना) १४० न्यूटन-मीटर. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासा. रस्त्यावर कोणी हवेच्या गननं 'टर्रर्र' करून आवळलं असेल तर घरी येऊन सगळे सैल करून परत याच मापानं आवळा. नाहीतर पुढच्या वेळी भर पावसात पान्यावर उभं राहून नाचलात तरी बोल्ट हलणार नाही.

जॅक फक्त कंपनीनं खूण केलेल्या चार जागांवर. दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये खाली जे सपाट दिसतं ती बॅटरीची पेटी आहे, तिथे जॅक लावला तर नुकसान गाडीच्या निम्म्या किमतीवर जाऊ शकतं. तीन टनी ट्रॉली जॅक, त्यावर जाड रबरी गुटका, आणि खाली काँक्रीट. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक लावू नका, वजनानं ब्लॉक खचतो आणि जॅक तिरका होतो. चाक काढून हात आत घालायचा असेल तर जॅक स्टँड हवाच.

आता ब्रेक. वन-पेडलवर (ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट वीज बनवत गाडी थांबवते) चालवलं की बहुतेक वेळा गाडी मोटरच थांबवते. डिस्क-पॅडची भेट क्वचित. कोरड्या हवेत हे फायद्याचं, पॅड खूप टिकतात. पावसाळ्यात मात्र ओल्या डिस्कवर एका रात्रीत गंज चढतो, आणि तो घासून काढणारं कोणी नसतं. थोडा गंज चालता चालता जातो; आठवडेच्या आठवडे राहिला तर डिस्कवर खड्डे पडतात, ब्रेक मारताना घरघर येते आणि शेवटी डिस्क बदलावी लागते. म्हणजे न झिजता भाग बाद. मागच्या डिस्ककडे विशेष लक्ष द्या, ब्रेकचं मुख्य काम पुढे होतं.

उपाय फुकट आहे. आठवड्यातून एकदा, मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून ६० वरून २० वर सात-आठ वेळा ठाम ब्रेक. फक्त वन-पेडल बंद करून भागत नाही, कारण ब्रेक पेडल दाबलं तरी गाडी आधी मोटरकडूनच काम करून घेते. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना परत वीज घ्यायला जागा नसते, तेव्हा डिस्क खरोखर कामाला लागतात. एरवी रोज ९० टक्क्यांवर थांबा आणि या कामापुरतं महिन्यातून एखाद्या वेळी शंभर करा. जाता जाता : लोणावळा किंवा महाबळेश्वरला रात्री पूर्ण चार्ज करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाय काढल्यावर मोटरचा जो रोध सवयीचा झालेला असतो, तो त्या वेळी मिळत नाही.

दुसरं दुखणं कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) सरकपिनांचं, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिनांचं. ब्रेक कमी वापरला की पिना जागच्या जागी सुकतात, मग एकाच बाजूचा पॅड झिजतो. ओळखायची खूण : एकाच डिस्कच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक, किंवा प्रवासानंतर एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम. पुढच्या पिना घरी साफ करता येतात. चाक काढा, कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडा, कॅलिपर वर फिरवून बांधून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नका. पिन ओढून काढा, रबरी टोपी फाटली नाही ना बघा, ब्रेक क्लीनरनं जुना थर पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बेअरिंगचं साधं ग्रीस वापरलं तर टोपीचं रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. मागच्या कॅलिपरला हात नको, तिथे पार्किंग ब्रेकची मोटर आहे. ती सर्व्हिस मोडमध्ये न नेता पिस्टन दाबला तर आतले दाते जातात. ब्रेक ऑइलचंही तसंच : पातळी बघा, पेनासारख्या टेस्टरनं पाण्याचं प्रमाण बघा, ३ टक्क्यांच्या पुढे गेलं की वर्कशॉप. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ब्रेक वापरला नाही तरी ओढतंच.

केबिन फिल्टर पॅसेंजरच्या पायाशी, ग्लोव्हबॉक्सखालच्या झाकणामागे आहे. टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्याचा) बिट आणि पंधरा मिनिटं. फिल्टरवरचा हवेच्या दिशेचा बाण जुन्याचा फोटो काढून जुळवा. कोळशाचा फिल्टर धुता येत नाही, आणि कंप्रेसरनं फुंकला की धूळ जाते तशी त्याची वीणही जाते, सरळ बदलायचा. पुण्यात आजूबाजूला मेट्रोचं किंवा इमारतीचं काम चालू असेल तर वर्षाची वाट बघू नका. त्याच वेळी काचेखालची जाळी बघा. गुलमोहराची बारीक पानं तिथल्या निचऱ्याच्या भोकात बसतात, पाणी तुंबतं आणि पॅसेंजरच्या मॅटखाली ओल येते. मे संपायच्या आत ती भोकं हातानं मोकळी करा. एसीला ओल्या गोधडीचा वास येत असेल तर घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून पंखा चालू ठेवा. फेसाचा स्प्रे ब्लोअरमध्ये मारायचे व्हिडिओ बरेच फिरतात. आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, मोह आवरा.

बारा व्होल्टची बॅटरी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. मोठ्या बॅटरीत ८० टक्के असूनही ही छोटी गेली की मोठीची जोडणी करणारे स्विच लागत नाहीत, गाडी दगड. मल्टिमीटरनं मोजा, पण गाडी लॉक करून तासभर झोपू दिल्यावर : १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे धोक्याची. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावल्यावर आकडा साडेतेराच्या वर दिसायला हवा. महिनाभर बाहेरगावी जाताना मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद करा आणि तिकडून दिवसातून दहा वेळा ॲप उघडून गाडी 'बघू' नका. दर वेळी ती जागी होते आणि छोटीवर ताण येतो. दुसऱ्याच्या गाडीला जंप द्यायला ईव्ही वापरायची नाही, मदत कितीही करावीशी वाटली तरी.

काचेचं पाणी : बोअरचं नको. क्षारानं नोझल बुजतात आणि काचेवर, कॅमेऱ्यावर पांढरे डाग पडतात. आरओमधून पिण्याचं म्हणून येतं ते पाणी आणि बाटलीवर लिहिलंय तेवढं वॉशर लिक्विड, बस. धुण्याची पावडर टाकणारे अजून भेटतात. वायपर मधल्या स्क्रीनमधून सर्व्हिस स्थितीत उभे करून बदला, हातानं ओढून नाही.

चार्जिंगचं तोंड दर महिन्याला टॉर्चनं बघा. खाली निचऱ्याचं बारीक भोक असतं, त्यात माती बसते. पावसाळ्यात झाकणाच्या आड मुंग्याही घर करतात. कोरडा मऊ ब्रश पुरे. डब्ल्यूडी-४० किंवा कुठलाही तेलकट स्प्रे पिनांवर नको, त्यावर धूळ चिकटून संपर्क बिघडतो. भिंतीवरच्या चार्जरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. ट्रिप झालं नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन. पोर्टेबल चार्जर पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावत असाल तर तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल किंवा सॉकेट तपकिरी पडला असेल तर आतली वायर सैल आहे, सॉकेट बदला.

हात लावायचा नाही अशी यादी छोटी आहे : नारिंगी केबल, कूलंट आणि पोटाखालची पेटी. नारिंगीत ४०० व्होल्टच्या घरातला डीसी असतो. कूलंटची पातळी फक्त बघायची. कमी असेल तर गळती आहे, वरून बाजारातलं हिरवं ओतून ती बरी होत नाही. गतिरोधकावर पोट घासलं तर त्याच दिवशी खालून फोटो काढून तारखेसह ठेवा, विम्याला तोच लागतो. प्रेशर वॉशर फूटभर लांब धरा, आणि चार्जिंगच्या झाकणावर मारू नका.

राहिले उंदीर. इंजिन नाही म्हणून ते येत नाहीत हा गैरसमज आहे. चार्जिंगनंतरची ऊब आणि पावसाळ्यातली कोरडी जागा त्यांना पुरते. पुढची ३१ लिटरची डिकी जून ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा उघडा, कडेला लेंड्या किंवा कापसाचे धागे दिसतात का बघा, वेफर्सची पाकिटं तिथे ठेवू नका. दिसलेल्या वायरींवर तिखटाचा थर असलेली टेप गुंडाळता येते, नारिंगी सोडून. तंबाखूची पुडी दोन दिवस चालते, पुढे तिचा वास जातो. विषाच्या वड्या गाडीत कधीच नाही : खाल्लेला उंदीर मरायला ब्लोअरच्या आसपास गेला तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पिंजरा लावायचा तर गाडीखाली नको, भिंतीच्या कडेला, जिथून त्यांची ये-जा असते तिथे.